कोंडूचा डावा हात

रोशनीने लांब बांबूच्या टोकाला कोयता बांधला आणि दोरीची गाठ दातांनी आवळली. पदर खोचून ती आंब्याखाली उभी राहिली. फांदीवर पानं एकमेकांना चिकटून नारळाएवढा गोळा झाला होता आणि त्याच्यावर तांबडे मुंगळे धावत होते.

खाली खाटेवर तिचा सासरा कोंडू पडला होता. त्याने डावा हात वर केला, तळवा तिच्याकडे. तोंडातून फक्त 'ह... ह...' एवढंच आलं.

"दिसला, बाबा, दिसला. हाच ना? रोज याच्याकडंच हात करतोस. चावतात ना तुला मेले."

कोंडूने हात जोरात हलवला.

"हां, घाई नको करू. काढते ना."

तो मान हलवू पाहत होता. पण वाऱ्याचा झटका आल्यापासून त्याची मान एका बाजूला कलली होती आणि ती हलली तरी त्यातून हो की नाही ते घरात कुणाला कळत नसे. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. राहिला होता तो डावा हात.

कोयता फांदीला लागला. गोळा खाली पडला, फुटला, त्यातून पांढऱ्या अळ्या सांडल्या. रोशनीने पालापाचोळा ओढून त्याच्यावर टाकला आणि काडी लावली. पानं तडतडली. कोंडूचा हात अजून वरच होता.

"बघ, झालं," ती म्हणाली. तिने त्याचा हात धरून हळूच खाटेवर ठेवला आणि चादर सारखी केली. "आता नीट झोप."

पावसाळा संपल्यापासून कोंडू मुंगळ्यांचं ते घर होताना बघत होता. दुसरं बघायला होतं काय? पलीकडे खाडीच्या बाजूला भाताची खाचरं होती तिथे आता गोदामांच्या निळ्या भिंती होत्या, मागे सरकणाऱ्या ट्रकांचा टुंग-टुंग आवाज दिवसभर यायचा. म्हणून तो वर बघायचा. दोन पानं लांब असली की एक मुंगळा काठावरून वाकायचा, पोचायचा नाही. मग त्याच्या कमरेला दुसरा धरायचा, दुसऱ्याच्या कमरेला तिसरा. अशी साखळी होऊन पलीकडचं पान धरलं जायचं आणि सगळे मिळून मागे सरायचे. पानं जवळ आली की कुणीतरी अळी तोंडात धरून आणायचा आणि कडेकडेने फिरवायचा, तिच्या धाग्याने कडा चिकटायच्या. दमलेला बाजूला व्हायचा, दुसरा त्याच्या जागी लागायचा. कोण कुणाला सांगतंय हे कोंडूने पुष्कळ शोधलं. त्याला ते सापडलं नाही.

झटका येईपर्यंत घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ख्रिस्ती मंडळीची उपासना तोच चालवायचा, आणि मुंगीवर तो तिथे कितीदा बोलला होता. आळस सोडा, दारू सोडा, ड्युटीवर वेळेवर जा, मुंगीकडं बघा. तिच्यावर मुकादम नसतो, हे बायबलात त्याच्या पुढेच लिहिलेलं होतं. तेही त्याने वाचलेलं होतं. त्यावर मात्र तो कधी बोलला नव्हता.

संध्याकाळी मंडळीतली चार माणसं खाटेशी येऊन बसली. कोंडूचा मुलगा दौलत, मानकोलीच्या गोदामात माल चढवणारा बाबू, भिवंडीत निजामपुऱ्यात धुण्याभांड्याला जाणारी बुधी, आणि म्हातारी रंगूबाई. ती कोंडूच्या बरोबरच पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतलेली, म्हणून त्याला दटावू शकणारी ती एकटीच. रोशनीने चहा दिला.

"उद्याचं काय?" बाबू म्हणाला.

"काय म्हंजे? जसं चाललंय तसं," दौलत म्हणाला.

"चाललंय कुठं? तीन महिनं येतो, बसतो, दारातून बाबाकडं बघतो, उठतो. मागच्या रविवारी मी शिफ्ट बदलून आलो. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. आणि इथं येऊन काय केलं? शेडचे पत्रे मोजले."

"मग तू प्रार्थना करायची व्हती," रंगूबाई म्हणाली.

"मी? माझं वाचन ऐकलंय ना तू? बाबानं तिसऱ्या शब्दाला थांबवलं व्हतं मला. सगळ्यांसमोर. भाविका अजून हसते घरी." भाविका त्याची बायको.

"मला तर गीताच्या पहिल्याच ओळीला थांबवलं," बुधी म्हणाली. "चाल चुकली म्हनून. यानं हात वर केला की मी पुढची ओळच विसरायची."

सगळे हसले. कोंडूच्या पायाशी बसून, तो तिथे नसल्यासारखे हसले.

दौलत खाली बघत म्हणाला, "मी सांगतो. उद्याचा रविवार बघू. बाबाला खाटेसकट शेडमधी नेऊ. न्हायच जमलं तर शेडला कुलूप. ज्याला जायचं त्यानं कल्याणच्या चर्चला जावं. बाबा बरा झाला की उघडू."

"कल्याणला कोन जातं?" रंगूबाई म्हणाली. "मला रिक्षात बसवायला दोन मानसं लागतात. तिथं मला कोन वळखनार? सरळ बोल ना, मंडळी मोडली म्हनून."

"मग तू सांग, आत्या, कोन चालवनार?"

रंगूबाईने कोंडूकडे बघितलं. मग बाकीच्यांनीही बघितलं. सवयच होती ती.

कोंडूने हात वर केला. तुम्ही चालवा, असं त्याला म्हणायचं होतं. हा करेल, ती करेल, दमलं की तिसरा करेल. त्याने बोट आंब्याकडे नेलं. फांदी रिकामी होती. खाली राख होती.

"बस झालं म्हनतोय," बाबू हळूच म्हणाला आणि उठला. "बाबाला त्रास होतोय. चला."

ते गेले. कोंडूचा हात बराच वेळ वर राहिला, मग आपोआप खाली आला.

चाळिशीत अक्षरं शिकलेला माणूस तो. वीटभट्टीवर राखेत बोटाने गिरवून शिकला. म्हणून पुस्तकातला एक शब्द जरी कुणी वाकडा वाचला तरी त्याच्या जिवाला लागायचं. पुस्तक उजव्या हातात धरायचा आणि डावा हात वर करायचा. वाचणारा थांबायचा. मग ते वचन कोंडू स्वतः वाचायचा, गीत स्वतः सुरू करायचा, प्रार्थना स्वतः संपवायचा. त्याने 'आमेन' म्हटल्याशिवाय कुणी डोळे उघडायचं नाही. मंडळीला ते आवडायचंही. आपल्यातला एक माणूस एवढं जाणतो, याचा तिला अभिमान होता.

सकाळी खाट उचलताना दौलतने चादर झटकली. आंब्यावर बेघर झालेले मुंगळे फांद्यांवरून, खाटेच्या दोऱ्यांवरून, जिथून वाट मिळेल तिथून फिरत होते. खाट शेडमध्ये नेऊन पुढच्या भिंतीशी ठेवली, जिथे कोंडू उभा राहायचा. दाराच्या कडीला उघडं कुलूप अडकवलेलं होतं.

पंधरावीस माणसं बसली. बसली आणि कोंडूकडे बघू लागली. बाहेर ट्रक मागे सरत होता. कुणाचं तरी मूल रडलं, त्याला कुणी तरी गप्प केलं.

फार वेळाने बुधीने खाली मान घालून गीताची पहिली ओळ धरली. आवाज बारीक, चाल वाकडी, एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत घसरणारी. कोंडूला ती थांबायला नको होती. म्हण, बाई, म्हण! त्याने हात वर केला.

बुधी तिथेच थांबली. तिने पदर तोंडावर घेतला.

"चुकलं, बाबा," ती म्हणाली.

कोंडूने हात हलवला, आणखी वर नेला. बाबू नुकताच पुस्तक उघडत होता, त्याने ते मिटलं. मागच्या रांगेतला एक माणूस उठून चप्पल शोधू लागला. दौलतने दाराकडे बघितलं.

कोंडूने आपल्या हाताकडे बघितलं. तळवा मंडळीकडे, बोटं सरळ. तसाच. वीस वर्षं होता अगदी तसाच.

त्याने तो खाली घेतला. हळूहळू चादरीखाली नेला. मग अंगातली होती नव्हती ती ताकद लावून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि डोळे मिटले.

शेडमध्ये कुजबुज झाली.

"बाबाला झोप लागली," रोशनी म्हणाली.

"लागू दे," रंगूबाई म्हणाली. "बुधे, तू म्हन. आता कोन बघतंय तुला?"

बुधीने ओळ पुन्हा धरली. तशीच वाकडी. दुसऱ्या ओळीला रंगूबाईचा फाटका आवाज तिला येऊन मिळाला, तिसऱ्या ओळीला बुधीचा दम संपला तर भाविकाने ती उचलली. गीत झालं. मग पुस्तकाची पानं वाजली आणि बाबू एकेक अक्षर जोडत वाचू लागला.

कोंडू ऐकत होता. भिंतीच्या पत्र्यावर त्याचा श्वास लागून परत येत होता. चादरीच्या आत, मनगटावरून काहीतरी चालत वर येतंय, हे त्याला कळलं. अंगठ्याच्या बेचक्यात ते थांबलं आणि कडकडून चावलं. आग थेट कोपरापर्यंत गेली. हात झटकण्यापुरती ताकद त्याच्यात होती.

बाबूने एक शब्द चुकीचा वाचला, पुढे गेला, आणखी एक चुकीचा वाचला.

कोंडूने मूठ वळली आणि हात चादरीखालीच ठेवला.