चंद्रावरची लाल फुली

तपासनीस बाई दहाला येणार होत्या आणि मी साडेआठपासून टेबल पुसत होते. पुसलेलंच पुन्हा. कामावर निघालेला नवरा म्हणाला, "अगं, लाकूड झिजेल." तो लिफ्ट दुरुस्त करतो. आत अडकलेल्या माणसांना धीर देणं हा त्याचा रोजचा धंदा, पण माझ्यावर त्याची मात्रा कधी चालली नाही.

"आणि परवानगी नाही वाढवली तर?"

"तर सोमवारपासून शाळा. आपलं तसं ठरलंय."

ठरलं होतं खरं. मुलींना वर्षभर घरी शिकवायचं, वर्ष संपताना शिक्षण कार्यालयाच्या बाई येऊन तपासणार, त्या हो म्हणाल्या तरच पुढे. ते वर्ष आज संपत होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मी काही शिक्षिका नव्हे. मी कपडे शिवते. वीस वर्षं माझी मान मशीनवर वाकलेली, म्हणून घरातली नावंही तशीच. थोरली बारीक आणि टोचरी, ती टाचणी. धाकटी गोल गरगरीत, ती बॉबिन. एक नऊ वर्षांची, एक सहाची. हा सगळा उपद्व्याप टाचणीसाठी. शाळेत तिला कुणी काही विचारलं की ती आधी बाईंच्या तोंडाकडे बघायची, त्यांना काय हवंय ते ताडायची आणि तेवढंच बोलायची. एकदा घरी मी विचारलं, "भूक लागलीय का गं?" तर माझा चेहरा न्याहाळून म्हणाली, "लागायला हवी का?" त्याच दिवशी तिचं दप्तर मी माळ्यावर टाकलं.

घरी पोरगी सुटली. सकाळी प्रार्थना, मग पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा, मग धडे, आणि या तिन्हींत तिचे प्रश्न. "देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला, मग पहिले तीन दिवस मोजले कसे?" मी म्हटलं, चर्चच्या पाळकांना विचारू. पाळक म्हणाले, पुढच्या रविवारी सांगतो. त्याला आता चार महिने झाले.

या महिन्यात आम्ही खगोल काढला होता. काळ्या अस्तराचं कापड भिंतीवर ताणून त्यावर ग्रह टाकले. गुरू म्हणजे ओव्हरकोटाचं मोठं बटण, पृथ्वी शर्टाचं निळं, शनीभोवती पडद्याची कडी. बॉबिननं मंगळ तोंडात घातला, तो एक दिवस सोडला तर सगळं छान चाललं होतं.

आणि मग काल टाचणीनं वहीत चित्र काढलं. निळं आकाश, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, अर्ध्याहून थोडा मोठा, पोट सूर्याकडे केलेला. माझ्या मांडीवर गिऱ्हाइकाचा झगा होता आणि डोक्यात तपासणी.

"हे काय? सूर्य दिवसासाठी, चंद्र रात्रीसाठी. सकाळीच वाचलं ना आपण?"

"पण आई, मी कपडे वाळत घालताना—"

"पवित्र शास्त्रात तसं आहे, धड्याच्या पुस्तकातही रात्रीचंच चित्र आहे. उद्या बाई वही बघतील. हसं करशील माझं."

मी चंद्रावर लाल फुली मारली आणि खाली सवयीनं लिहिलं, 'पुन्हा बघ'. माझ्या मुलींच्या प्रत्येक चुकीखाली मी हेच लिहिते. टाचणीनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वही मिटली. ते बघणं मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

बाई दहाला पाच मिनिटं असतानाच आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात खटका असलेलं पेन. दर उत्तरागणिक पेन खटखट वाजवायची त्यांना सवय होती. मला बसवेना. मी खुर्चीमागे उभी राहिले, मग दाराशी गेले, मग परत आले. बाईंनी वाचून घेतलं, गणितं घातली. बॉबिननं पाढा मध्येच सोडून त्यांना मंगळाची हकिगत सांगितली. बाई हसल्या. मला वाटलं, तरलो.

टाचणीनं बटणांवर बोट ठेवत ग्रह सांगितले, एकही चुकला नाही.

"चंद्राला स्वतःचा प्रकाश असतो का?"

"नाही. सूर्याकडून उसना."

"शाब्बास. आणि चंद्र दिसतो केव्हा?"

बाईंची पाठ खिडकीकडे होती. मी सहज बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, आणि टाकीच्या वर, भर उजेडात, अर्धा चंद्र. कापडावर पुसट राहिलेल्या खडूच्या खुणेएवढा फिका. आधी वाटलं ढग आहे. ढग नव्हता. टाचणीही तिकडेच बघत होती. मग तिनं नजर वळवली आणि माझा चेहरा न्याहाळला.

"रात्री," ती म्हणाली.

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

आता फक्त सही राहिली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी स्वतःला सांगितलं. बाईंना माहीत नाही, पोरगी बोलणार नाही, आकाशाला कुठे तोंड आहे? पण 'खोटी साक्ष देऊ नको' ही देवाची आज्ञा मागच्याच आठवड्यात मी दोघींकडून पाठ करून घेतली होती. आणि खरं सांगू? आज्ञेपेक्षाही मला पोरीच्या त्या बघण्याची भीती वाटली. दप्तर माळ्यावर टाकलं आणि शाळा मीच घरात आणून ठेवली. लाज वाटली मला, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"बाई, ते उत्तर चूक आहे."

पेन थांबलं.

"चूक तिची नाही, माझी आहे. तिनं बरोबर काढलं होतं. मी न बघताच फुली मारली." मी वही उघडून पुढे ठेवली. "जरा मागे वळून बघा."

बाई वळल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"अगबाई," त्या म्हणाल्या. तपासनिसाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "हे मी किती मुलांना बरोबर दिलं असेल!"

त्यांनी स्वतःची खूण खोडली आणि खाली बरंच काही लिहिलं. "मुलीबद्दल उत्तम लिहिलंय. पण शिकवणाऱ्याबद्दलही लिहावं लागतं मला. वर्षाची परवानगी नाही देता येणार. तीन महिने देते. मग पुन्हा येईन." दाराशी चपला घालताना त्या थांबल्या. "तेव्हाही सकाळी दिसेल का हो हा?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

टाचणी आता खिडकीशी जाऊन उभी होती. तिनं ना बाईंच्या तोंडाकडे बघितलं, ना माझ्या. "आजपासून रोज बघितलं तर सांगता येईल," ती म्हणाली.

नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण!" मग म्हणाला, "बरं केलंस." मला दोन्ही पटलं.

मी लाल पेन टाचणीच्या हातात दिलं. "माझी चूक तू दुरुस्त कर." मला वाटलं, ती माझ्या फुलीवर फुली मारेल. तिनं फुलीला हातही लावला नाही. खाली माझं 'पुन्हा बघ' होतं, त्याच्या पुढे तिनं एक स्वल्पविराम दिला आणि एकच शब्द लिहिला: आई.

मी खिडकीशी गेले. चंद्र टाकीला टेकला होता, आणि त्याचं पोट खरंच सूर्याकडे होतं.