टिचकी मारल्याशिवाय न हलणारा काटा

त्या एका आकड्यातून शरयूला पीएचडी मिळणार होती, तिच्या लक्ष्मीकांत सरांना बढती, आणि शिपाई उकंडमामांना सगळ्यांना वाटून उरलेला चहा. मला काहीच मिळणार नव्हतं. मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. पितळी, गोल, एका काट्याचा. बुलढाण्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोलादी नळीच्या तोंडाशी बसलेला.

त्या नळीत उत्प्रेरकाचे पांढरे दाणे असतात. दगडी कोळशाच्या डांबराची वाफ नायट्रोजनच्या जोराने त्यांतून गेली, की जड डांबर तुटून हलकं तेल होतं. साडेचारशे अंशांवर तेल कमी, पाचशेवर भरपूर. त्यापुढे तेलाचाच गॅस होतो, दाण्यांवर काळा थर चढतो आणि वाट बुजते. वाट बुजली की दाब वाढतो. तो सांगणं माझं काम. सुरुवातीला मी ते चोख केलं. सर मला पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

मग माझा काटा अडकू लागला. मामांनी ते ओळखलं. काचेवर टिचकी मारली, की तो खऱ्या आकड्यावर उडी मारायचा.

“ताई, याले टिचकी मारल्याबिगर काई इचारू नका.”

“मामा, ओवाळू पण का त्याला?”

“दसऱ्याले ओवाळलंच होतं. तरी बी हालला नाई थो.”

नवा मापक कपाटात पडून होता. पण सर म्हणाले, “आता बदलला तर आधीचे सगळे आकडे संशयात. एकच रीडिंग राहिलंय.” म्हणजे बघा, मी खोटं बोलतो हे ठाऊक होतं, म्हणूनच मला ठेवलं होतं!

ते रीडिंग साडेपाचशे अंशांचं. मामा चहा आणायला गेले. शरयू तेलाचे थेंब मोजत होती. थेंब मंदावले, थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोन दाखवत होतो. तिने वहीत दोन लिहिलं आणि वाफ पुढे सरकावी म्हणून नायट्रोजन वाढवला.

माझ्या पोटातली वाकडी नळी ताणली जाऊ लागली. चार, सहा, नऊ! मला सगळं कळत होतं आणि काटा दोनवरच. ओरडायला मला तोंड नाही. शरयू आणखी वाकली. तिचा चेहरा माझ्या काचेत आला, नळीच्या जोडापासून वीतभर.

दारात मामा. “थेंब काऊन बंद हायेत?”

“दाब तर दोनच आहे, मामा.”

“टिचकी मारली का?”

मामांनी किटली ठेवली, टिचकी मारली. काटा दोनवरून अकरावर गेला.

“सरका, ताई!” एका हाताने त्यांनी तिला ढकललं, दुसऱ्याने नायट्रोजन बंद केला. तेवढ्यात जोड सुटला. उकळतं डांबर त्या दुसऱ्या हातावर आलं.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणत असतील, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला काढून टाका. मी अजून इथेच आहे, कारण देवेश नावाच्या नव्या विद्यार्थ्याला आपले आकडे शरयूच्या आकड्यांशी जुळवायचे आहेत.

शरयूला पीएचडी मिळाली; साडेपाचशेच्या रांगेत ‘नळी बुजली’ एवढं लिहूनही चाललं. सरांना बढती मिळाली. मामांच्या उजव्या हाताची बोटं आता वाकत नाहीत. देवेशला टिचकी कशी मारायची, ते डाव्या हाताने शिकवतात.