गिताबाईचा सीन

सुषमा कोळपे मांडवगण फराट्याच्या धनगराची लेक. पुण्यात दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी राबून राबून शेवटी तिनं स्वतःच निर्माती व्हायचं मनावर घेतलं. भटक्या जमातींच्या निर्मात्यांना सिनेमाच्या तयारीसाठी निधी देणारी मुंबईची एक संस्था होती. २००४ साली त्या संस्थेनं सुषमाची गोष्ट निवडली. आधी पटकथा लिहायची, जागा बघायच्या. ते पसंत पडलं, तर पुढच्या टप्प्यात चित्रीकरणाला मदत.

गोष्ट तिच्या आईची होती. गिताबाई मेंढरांमागं चालता चालता तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं माळावर बाळंत होताना गेली. बाळही गेलं. दोघांना तिथंच माती दिली. सुषमा तेव्हा एवढीशी. तिला आईच्या हाताचा लोकरीचा वास तेवढा आठवायचा.

जागा बघायला ती वडलांना, बिरदेवआबांना, घेऊन गेली. जीपमधून उतरल्यावर म्हातारा असा झपाझप निघाला, की तिला मागं पळावं लागलं. ज्याच्या पलीकडं माती दिली होती, तो ओढा सापडला. तिथं मात्र आता माळ नव्हता, एका कंपनीची भिंत होती.

"बाबा, अंदर जाना मना है," वॉचमन म्हणाला.

"माझी मान्सं हायती आत."

"कौन से डिपार्टमेंट में?"

खिशातला भंडारा आबांनी भिंतीच्या बुडाशी वाहिला.

परतताना सुषमा म्हणाली, "दुसरा माळ बघू, आबा. आईचा सीन तिथं घेऊ."

"सीन म्हंजी?"

"एक बाई आई व्हईल. तशीच निजंल."

"आन् मरंल?"

"खोटं खोटं, आबा."

"माज्या गिताला पुन्यांदा मारू नगं, पोरी."

तिनं पटकथेतून तो सीन काढून टाकला. संस्थेच्या मुंबईच्या बैठकीत एका बाईंनी पानं चाळून मऊ आवाजात विचारलं, "पण मग आई जाते कुठं? गोष्टीचा जीवच हा होता." सुषमाला कारण सांगता आलं असतं. ते असं टेबलावर मांडायला तिचं मन धजेना. पुढचा टप्पा नामंजूर झाला.

घरी आबांनी विचारलं, "कवा लागतोय शिनेमा?"

"वेळ लागंल, आबा."

मग ते बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरीचा शिनेमा शिरूरच्या टाकीजला लागनार हाय. आमची गिता हाय त्यात, चालती-बोलती." लोक सुषमाला विचारायचे. ती नुसती हो म्हणून मान हलवायची.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. त्यांना खरं तिनं कधीच सांगितलं नाही.