ताकाच्या चर्चचा हंडा

मी एक जुना पितळी हंडा आहे, मित्रांनो. अंगभर पोचे पडलेत. तंजावुरातल्या एका मोठ्या चर्चच्या जिन्याखाली पडून असतो. पोटात झाडू ठेवतात. बाहेर रिक्षावाले ओरडतात, "ताकाचं चर्च! ताकाचं चर्च!" नाव ऐकून लोक हसतात. मला नाही हसू येत.

कुंभकोणमच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. नागलक्ष्मीबाईंच्या लग्नात मी त्यांच्या घरी आलो. मराठी घर, सोवळं कडक. बाईंशिवाय मला कुणी शिवायचं नाही. चिंचेनं घासून त्या मला असा लखलखीत ठेवायच्या, की काय सांगू! त्यांचा एकुलता एक मुरलीकृष्ण शाळेला निघाला की रोज बजावायच्या, "बाहेर कुणाच्या हातचं पाणी प्यायचं नाही हं, राजा."

एकदा चैत्राच्या उन्हात पोर चालत घरी येत होतं. घेरी आली म्हणून चर्चच्या दारात बसलं. तिथला राखणदार सूसै लोटा घेऊन धावला.

"पी रे, कण्णा."

"नको, मामा. आई रागावेल."

"अरे, आईला मी सांगतो की!"

पोरानं ओठ घट्ट मिटून घेतले. सूसैनं उचलून दवाखान्यात नेलं, पण सगळं संपलं होतं.

घरी येऊन सूसैनं पोराचं ते "आई रागावेल" बाईंना सांगितलं आणि ढसाढसा रडला. 

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला ताकानं भरलं, आलं-कढीपत्ता घातला, आणि चर्चच्या दारात नेऊन ठेवलं. जाऊबाई ओरडल्या, "अगं, सोवळ्याचा हंडा तो!"

"जळो ते सोवळं," बाई म्हणाल्या. "सूसैअण्णा, आधी मला पाणी द्या."

ते पाणी प्यायल्या, मगच ताक वाटायला बसल्या. दर उन्हाळ्याला हेच. बाजारवाल्या, हमाल, वेलांकण्णीच्या माउलीला पायी निघालेले यात्रेकरू, सगळे प्यायचे. असं पडलं ते नाव.

पुढं सूसै गेला. बाईंचे गुडघे गेले. दारात थंड पाण्याचं यंत्र आलं, मी जिन्याखाली.

परवा बाई रिक्षातून आल्या. नव्या राखणदाराला विचारलं, "ताकाचं चर्च का रे म्हणतात?"

"कुणा गोऱ्या पाद्र्याला ताक आवडायचं म्हणे, आजी."

 बाई म्हणाल्या, "पाणी देतोस?"

"ते काय यंत्र. घ्या की."

"हातानं दे रे."

त्यानं दिलं. बाई डोळे मिटून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मी अंधारातून बघत होतो.

मित्रांनो, मला घासू नका हवं तर. पण तहानलेला दिसला, तर पाणी हातानं द्या. आणि तुम्ही तहानलेले असाल न् कुणी दिलं, तर आईला न विचारता प्या रे.