बेल न वाजणारा वॉर्ड

नवीन बेल बसवली तेव्हा मला आनंदच झाला होता, हे आधी कबूल करते. रुग्णानं बटण दाबलं की टेबलावरच्या स्क्रीनवर खाटेचा नंबर येणार, आणि कुठल्या वॉर्डात किती वेळा बेल वाजली त्याचा तक्ता महिन्याच्या शेवटी वर जाणार. पहिल्याच महिन्यात आमच्या हाडांच्या वॉर्डात सगळ्यांत कमी वाजली. वॉर्डची इनचार्ज म्हणून मी शाबासकीची वाट बघत बसले.

शाबासकी राहिली बाजूला. मॅनेजरसाहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे काम कमी दिसतंय, सिस्टर. एक नर्स कमी करू. सगळ्यांत नवीन आहे तिचं कंत्राट या महिन्यात संपतंय."

सगळ्यांत नवीन म्हणजे आमची चिमणी. सहा महिने तिला मी घडवलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, दर तासाला आम्ही प्रत्येक खाटेपाशी जातो. पाणी, भांडं, उशी, कूस. मागायची वेळच येत नाही, तर बेल वाजवणार कोण?"

"पण ते तक्त्यात दिसत नाही ना," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण वॉर्ड त्यांनी फक्त कागदावर पाहिला होता.

मग मी एक शक्कल लढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींना बजावलं, "औषधं वेळेवर द्या. बाकी बेल वाजल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही." आणि साहेबांना अकरा वाजता वॉर्डात यायचं आमंत्रण दिलं. एकदा होऊन जाऊ दे घणघणाट, म्हटलं.

साडेदहापर्यंत बेल एकदाही वाजली नाही. उठून बघते तर एकजण पडद्याआड कुणाची उशी सारखी करतेय, दुसरी भांडं झाकून लगबगीनं नेतेय. चिमणी सात नंबरच्या आजोबांची कूस बदलत होती. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"काय सांगितलं होतं मी?"

"कण्हत होते हो, ताई," ती खाली मान घालून म्हणाली. "बटण कुठंय ते शोधत बसले असते."

जित्याची खोड, दुसरं काय. मी तणतणत वळले, तर तीन नंबरच्या बाई प्लास्टरमधला हात सावरत पाण्याच्या पेल्याकडे वाकत होत्या. मी धावत जाऊन पेला त्यांच्या ओठांना लावला. मान वर केली तेव्हा साहेब वेळेआधीच येऊन दारात उभे होते.

"बेल वाजली होती?"

"नाही," मी म्हटलं. माझी शक्कल मीच बुडवली होती.

साहेब खुर्ची ओढून आजोबांपाशी बसले. "बेल बिघडलीय का, आजोबा?"

"कुणास ठाऊक. वाजवायची पाळीच आली नाही अजून."

साहेब तासभर तिथंच बसले. जाताना एवढंच म्हणाले, "दर महिन्याच्या मीटिंगला तुम्ही यायचं, सिस्टर. तक्त्यात दिसत नाही ते सांगायला." म्हणजे माझ्याच डोक्याला आणखी एक काम.

दोन दिवसांनी चिमणीचं कंत्राट वर्षभर वाढल्याचं पत्र आलं. ती टेबलापाशी उभ्याउभ्याच तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत होती, तेवढ्यात बेल वाजली. खाट नंबर सात. आम्ही दोघी धावलो.

आजोबा बटण हातात धरून मजेत पडले होते.

"काही दुखतंय का?" चिमणीनं धापा टाकत विचारलं.

"छे गं," ते म्हणाले. "अभिनंदन करायचं होतं. मला उठून येता येत नाही, म्हणून तुला बोलावलं."