विल्फचं दार

एड्नानं सहा आठवडे नवऱ्यापासून गुपित राखलं होतं. फुटबॉलची मॅच संपताच टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी टीव्हीवाले तिच्या नवऱ्याला, विल्फ ऑग्डेनला, अचानक गाठणार, त्याच्या आयुष्याचं पुस्तक दाखवणार आणि स्टुडिओत नेणार. तिथे त्याचे जुने खेळाडू वाट बघत होते, एक तर थेट कॅनडाहून आलेला.

पण विल्फचा संघ हरला होता. हरल्यावर लँकेशायरचा हा मॅनेजर पोरांना पुरतं झाडल्याशिवाय ड्रेसिंग रूमचं दार उघडत नसे. कार्यक्रमाचा निवेदक ते पुस्तक कवटाळून तासभर बाहेर ताटकळत होता.

"बाई, तुम्ही तरी हाक मारा," तो वैतागून म्हणाला.

"लग्नाच्या दिवशी मारली होती," एड्ना म्हणाली. "तेव्हाही हरलेच होते."

अखेर दार उघडलं. दिवे लागले. विल्फनं कॅमेरा पाहिला, पुस्तक पाहिलं, नव्या कोटातली बायको पाहिली.

"जरा थांबा," तो म्हणाला. "कॉर्नरचं सांगायचं राहिलंय."

दार पुन्हा बंद झालं.

एड्नानं निवेदकाच्या हातून पुस्तक घेऊन चाळलं. "एवढी पानं कशाला भरलीत? या दाराचा एक फोटो लावला असतात, तरी भागलं असतं."