साठ फेऱ्यांचा काटा

महिन्याभरापूर्वी माझी लेक मुंगी वर्गासमोर बोलायला उभी राहिली आणि तोंडातून शब्दच फुटेना. मागच्या बाकावरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून बाईंनी काही विचारलं की ही आपली बुटांकडे बघत बसते. आता प्रकाशाचा वेग रस्त्यावरच्या गाड्यांच्या हिशेबात सांगायची पाळी तिची होती, आणि घरभर येरझारा मी घालत होते.

माझे सासरे गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करतात. ते म्हणाले, "सूनबाई, कशाला जीव टांगणीला लावतेस? प्रकाशालाच मीटर बसवून देतो." जुन्या ट्रकच्या तबकडीवरचे आकडे त्यांनी घासून काढले. छापलेलं 'ताशी किलोमीटर' तेवढं राहू दिलं. काटा पूर्ण गोल फिरून जिथे येतो, तिथे लाल रंगात लिहिलं: एक कोटी ऐंशी लाख.

मुंगीकडून मी सहा वेळा पाठ करून घेतलं. आकडा तपासायचं मात्र सुचलं नाही.

वर्गात पालकांना मागे बसायला परवानगी होती. मुंगी तबकडी घेऊन पुढे गेली आणि मी, हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून, पर्समधल्या कागदावर गुणाकार मांडला. सेकंदाला साधारण तीन लाख किलोमीटर. तासाचे सेकंद छत्तीसशे. उत्तर आलं एकशे आठ कोटी. पुन्हा केलं, तरी तेच. मामंजींनी साठने एकदाच गुणलं होतं. जन्मभर मीटर तपासायच्या यंत्रावर 'मिनिटाला इतके फेरे' मोजणारा माणूस, मिनिटापाशीच थांबला.

मी हातवारे केले. मुंगीला वाटलं, आई ताठ उभं राहायला सांगतेय. ती आणखी ताठ झाली.

"प्रकाश ताशी एक कोटी ऐंशी लाख किलोमीटर जातो."

"चूक," हसणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली. "आम्ही घरी केलंय. एकशे आठ कोटी येतात."

मुंगीची नजर बुटांकडे गेली. मग ती नजर हळूच वर तबकडीवर आली आणि तिथेच रेंगाळली.

"आमचे आजोबा सगळं मिनिटातच मोजतात," ती म्हणाली. "हा आकडा मिनिटाचा आहे. म्हणजे काटा एकदा गोल फिरला की एक मिनिट. तासासाठी साठदा फिरवावा लागेल." जरा थांबून तिने त्या मुलीलाच विचारलं, "तू मोजतेस?"

ती मोजू लागली. विसाव्या फेऱ्याला अख्खा वर्ग मोजत होता, चाळिसाव्याला बाईसुद्धा. एकोणसाठाव्याला काट्याचा स्क्रू निघून बाकाखाली गेला. शेवटचा फेरा मुंगीने काटा बोटाने धरूनच पुरा केला.

"एकशे आठ कोटी," ती म्हणाली आणि स्वतःच आधी हसली. मग सगळे हसले. त्या हसण्यात माझी पोर होती.

घरी मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. एकदाच कपाळावर हात मारला. मग चष्मा चढवून नवा स्क्रू शोधायला लागले.

"तबकडी पुसू नका हं, आजोबा," मुंगी म्हणाली. "उद्या शेजारच्या वर्गाने बोलावलंय. स्क्रू तेवढा घट्ट बसवा."